नापास मास्तराचे वाटाणे

नववी-दहावीच्या विज्ञानातला तो चौकोन आठवतोय का? चार घरं, वरच्या बाजूला एक मोठी टी, एक छोटी टी आणि डाव्या बाजूलाही तसंच. घरं भरायची, खाली ३:१ लिहायचं, मार्क खिशात टाकायचे आणि पुढच्या प्रश्नाकडे वळायचं. त्याच पानावर कुठेतरी चष्मा लावलेल्या, गोल चेहऱ्याच्या एका पाद्र्याचा फोटो असायचा. ग्रेगोर मेंडेल, आनुवंशिकतेचा जनक. फोटोला कुणी मिशा काढलेल्या, कुणी गॉगल घातलेला.

मी बारावीनंतर सायन्सला रामराम ठोकून मास कॉमला आले, तेव्हा वाटलं होतं की हा माणूस सुटला एकदाचा. मागच्या महिन्यात एका लेखासाठी त्याचं चरित्र वाचायला घेतलं आणि थक्क झाले. फोटोतल्या या शांत माणसाला शिक्षक व्हायचं होतं. त्यासाठीची परीक्षा तो दोनदा द्यायला गेला आणि दोन्ही वेळा रिकाम्या हाताने परतला. त्यातही गंमत म्हणजे जे विषय त्याला नडले, त्यात प्राणिशास्त्र होतं!

हाफ मेसवर काढलेली वर्षं

मेंडेलचा जन्म १८२२ च्या जुलैचा. गाव हाइन्झेनडॉर्फ. तेव्हा ते ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होतं, आज चेक प्रजासत्ताकात आहे. घरी जर्मन बोलायचे. पाळण्यातलं नाव योहान. एक थोरली बहीण, एक धाकटी आणि मध्ये हा एकुलता मुलगा. वडील अंतोन शेतकरी, पण वेठबिगारीच्या काळातले. आठवड्यातले तीन दिवस जमीनदाराच्या शेतात फुकट राबायचं आणि उरलेल्या दिवसांत स्वतःचं शेत बघायचं. त्यातूनही वेळ काढून अंतोन फळझाडांची कलमं करायचे. कुठल्या झाडाला कुठली फांदी जोडली की फळ चांगलं येतं, हे योहानने पुस्तकात वाचण्याआधी घरच्या बागेत पाहिलं.

पोरगा हुशार निघाला, म्हणून त्याला शिकायला बाहेरगावी पाठवलं. घरातून पूर्ण जेवणाचे पैसे भरणं जमत नव्हतं, त्यामुळे अर्ध्या जेवणाचे भरले. बाहेरगावी खोली घेऊन राहणाऱ्यांना हे हाफ मेस प्रकरण वेगळं समजावून सांगायला नको. १८३८ मध्ये जंगलात काम करताना झाडाचा ओंडका वडिलांच्या अंगावर पडला आणि ते कायमचे खचले. १६ वर्षांचा योहान शिकवण्या घेऊन स्वतःचा खर्च भागवू लागला. उपासमार, काळजी आणि अभ्यास यात तो वरचेवर आजारी पडायचा. पुढे ओलोमोउत्सच्या कॉलेजात गेला, तिथे शिकवण्याही मिळेनात. पुन्हा आजारपण आलं आणि पुन्हा घर गाठावं लागलं.

तेव्हा धाकटी बहीण तेरेझिया पुढे आली. तिच्या लग्नासाठी बाजूला काढलेल्या रकमेतला वाटा तिने भावाच्या शिक्षणाला दिला. हे उपकार तो विसरला नाही. पुढे तिच्या तीनही मुलांच्या शिक्षणाचा भार त्याने उचलला.

तरी पैसे संपतच होते. शेवटी फिजिक्सच्या प्राध्यापकांच्या शिफारशीवरून १८४३ मध्ये तो ब्रनो शहरातल्या सेंट थॉमस मठात दाखल झाला. तिथे त्याचं नाव ग्रेगोर ठेवलं गेलं. यामागे देवभक्ती होतीच, पण रोजच्या जेवणाची काळजी मिटावी हेही एक कारण होतं. आपल्याकडेही किती जण आवडीपेक्षा होस्टेल आणि स्कॉलरशिप बघून कॉलेज ठरवतात! मेंडेलचं नशीब इतकंच की मठाचे प्रमुख नाप हे विज्ञानाचे शौकीन होते. तिथे ग्रंथालय होतं, बाग होती, चर्चा करणारी माणसं होती.

परीक्षा

पाद्री म्हणून दवाखान्यात आजारी माणसांपाशी बसायचं काम आलं, की मेंडेल स्वतःच आजारी पडायचा. नाप यांनी हे ओळखलं आणि त्याला झ्नोइमो गावच्या शाळेत बदली शिक्षक म्हणून पाठवलं. तिथे तो रमला, मुलांना आवडला. मात्र कायम व्हायचं तर सरकारी परीक्षा पास व्हायला हवी होती. १८५० मध्ये तो ती द्यायला व्हिएन्नाला गेला. बराचसा अभ्यास स्वतःच्या बळावर केलेला, विद्यापीठाचं तोंड पाहिलेलं नाही. भूविज्ञान आणि प्राणिशास्त्राच्या उत्तरांनी घात केला. सस्तन प्राण्यांचं वर्गीकरण लिहायचं होतं, तेच धड लिहिता आलं नाही. निकाल नापास.

त्यावर नाप यांनी त्याला खर्च करून व्हिएन्ना विद्यापीठात पाठवलं. १८५१ ते १८५३ अशी दोन वर्षं तो तिथे शिकला. फिजिक्स शिकवायला डॉप्लर होते, तेच डॉप्लर इफेक्टवाले. वनस्पतिशास्त्राला उंगर होते. निसर्गात जे घडतं ते मोजता येतं आणि त्यामागे गणित सापडू शकतं, हे मेंडेल तिथून घेऊन आला. १८५६ मध्ये पुन्हा परीक्षेला बसला, पण आजारी पडून परीक्षा पूर्ण न करताच परतला. त्यानंतर त्याने तो नाद सोडला.

ब्रनोच्या शाळेत तो १८५४ पासून १८६८ पर्यंत शिकवत होता. १४ वर्षं, आणि पूर्ण काळ बदली शिक्षक म्हणूनच. आपल्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवणारे सर आणि मॅडम असतात ना, ज्यांचं लेक्चर सगळ्यात भारी असतं आणि नोकरी सगळ्यात कच्ची? साधारण तसं.

आणि याच वर्षांत, शाळा सुटल्यावर, मठाच्या बागेत त्याचे वाटाणे चालू होते.

फूल, चिमटा आणि ब्रश

मठाच्या भिंतीलगत साधारण ३५ मीटर लांब आणि ७ मीटर रुंद एवढा जमिनीचा पट्टा. त्यात मेंडेलने १८५६ ते १८६३ या काळात वाटाण्याची सुमारे २८ हजार रोपं वाढवली आणि तपासली.

वाटाणाच का? एक तर तो भराभर येतो. दुसरं म्हणजे वाटाण्याच्या फुलात नर आणि मादी भाग पाकळ्यांच्या आड झाकलेले असतात, त्यामुळे ते फूल स्वतःचंच परागण करतं. आपण हात लावला नाही तर बाहेरचे पराग सहसा आत येत नाहीत. तिसरं म्हणजे त्याचे काही गुण एकदम स्पष्ट असतात. दाणा गोल किंवा सुरकुतलेला, पिवळा किंवा हिरवा. फूल जांभळं किंवा पांढरं. रोप उंच किंवा ठेंगणं. मेंडेलने असे सात गुण निवडले. बिया व्यापाऱ्यांकडून ३४ प्रकारच्या आणल्या, पण लगेच प्रयोगाला लागला नाही. दोन वर्षं फक्त एवढंच पाहिलं की गोल दाण्याच्या पिढ्या खरोखर गोलच देतात ना. त्यातून २२ प्रकार पक्के केले.

मग काम सुरू. कळी उमलण्याआधी उघडायची, चिमट्याने पुंकेसर काढून टाकायचे, दुसऱ्या रोपाचे पराग ब्रशने लावायचे, वर छोटी पिशवी बांधायची. एक फूल झालं की दुसरं. आज प्रोजेक्टसाठी दहा सॅम्पल गोळा करताना आपला जीव जातो.

गोल आणि सुरकुतलेल्या दाण्यांच्या रोपांचा संकर केला, तर पुढच्या पिढीत सगळे दाणे गोल आले. सुरकुती गायब! त्या काळी अनेकांचा समज होता की आई-वडिलांचे गुण रंगांसारखे एकमेकांत मिसळतात. तसं असतं तर दाणे मधले, किंचित सुरकुतलेले यायला हवे होते. तसं झालं नाही. मग मेंडेलने या गोल दाण्यांची रोपं लावली आणि त्यांना स्वतःचंच परागण करू दिलं. त्यातून आलेले दाणे मोजले, तर ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले. गायब झालेली सुरकुती एक पिढी सोडून परत आली होती. रंगाचंही तेच. ६,०२२ पिवळे, २,००१ हिरवे. दोन्हीकडे गुणोत्तर जवळपास ३:१.

आजीचे घारे डोळे आईत नसतात आणि नातवात येतात, असं आपण घरोघरी ऐकतो. डोळ्यांच्या रंगामागे बरीच जनुकं असतात, वाटाण्याइतकं ते सरळ नाही. पण लपलेला गुण परत येतो, ही गोष्ट माणसं पिढ्यान्‌पिढ्या बघत होती. ती मोजायला बसला तो हा बदली शिक्षक.

तो इथेही थांबला नाही. त्या गोल दाण्यांपैकी ५६५ लावून बघितले. १९३ रोपांनी फक्त गोल दाणे दिले, तर ३७२ रोपांनी गोल आणि सुरकुतलेले असे दोन्ही. म्हणजे दिसायला सगळे गोल, पण दोन तृतीयांश दाण्यांच्या पोटात सुरकुती लपलेली. यावरून त्याने निष्कर्ष काढला की प्रत्येक गुणासाठी रोपात दोन घटक असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. पराग किंवा बीजांड तयार होताना त्यातला एकच पुढे जातो. एक घटक प्रभावी असेल तर तोच दिसतो. अप्रभावी घटक दिसत नाही, पण नष्टही होत नाही. दोन अप्रभावी एकत्र आले की तो पुन्हा समोर येतो. पुस्तकातला चौकोन नंतरच्या लोकांनी काढला, पण त्यातला हिशेब हा आहे.

आणखी एक गोष्ट पुस्तकात पटकन निसटते. मेंडेलने संकर उलटसुलट करून पाहिले. कधी गोल दाण्याचं रोप आई, तर कधी सुरकुतलेल्या दाण्याचं. निकाल तोच आला. म्हणजे या गुणांत आई आणि वडील दोघांचा वाटा सारखा. हे लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

बातमी छापून आली, पण...

१८६५ मध्ये ८ फेब्रुवारी आणि ८ मार्च अशा दोन संध्याकाळी मेंडेलने ब्रनोच्या निसर्गविज्ञान मंडळापुढे आपलं काम वाचून दाखवलं. स्थानिक वर्तमानपत्राने त्याची दखलही घेतली. (कुणी तरी माझ्यासारखाच शिकाऊ पाठवला असेल का, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.) पुढच्या वर्षी निबंध छापून आला. मेंडेलने ४० प्रती मागवल्या आणि त्यातल्या काही नामवंत शास्त्रज्ञांना पाठवल्या. फारसं काही घडलं नाही. वनस्पतिशास्त्रात आकडेमोड कशासाठी, हेच त्या काळच्या बहुतेकांना कळलं नसावं.

म्युनिकच्या नेगेली या मोठ्या वनस्पतिशास्त्रज्ञाने मात्र पत्रव्यवहार ठेवला. त्यांचं लाडकं झाड होतं हायरेशियम, पिवळ्या फुलांचं एक रानरोप. मेंडेलही त्यावर प्रयोग करू लागला. फुलं इतकी बारीक की भिंगातून आणि आरशाच्या उजेडात काम करून डोळे दुखावले. आणि ३:१ काही येईना. कारण तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. हायरेशियम बऱ्याचदा परागणाशिवायच बी तयार करतं, म्हणजे आई स्वतःचीच नक्कल काढते. ज्या माणसाने वाटाणा इतका विचारपूर्वक निवडला होता, त्याच्या हातात नेमकं चुकीचं झाड पडलं.

१८६८ मध्ये तो मठाचा प्रमुख झाला. शाळा सुटली, प्रयोगांचा वेळ आटला. १८७४ च्या कायद्याने सरकारने मठांवर कर लावला. मेंडेलला तो अन्याय वाटला आणि त्याने भरायला नकार दिला. मित्र समजावून थकले, पण हा हटला नाही. शेवटची वर्षं याच भांडणात गेली. तरी हवामानाच्या नोंदी आणि मधमाश्या त्याने सोडल्या नाहीत. ६ जानेवारी १८८४ रोजी मूत्रपिंडाच्या विकाराने तो गेला. अंत्यसंस्काराला गर्दी होती, पण ती मठाच्या प्रमुखासाठी आणि गरिबांना मदत करणाऱ्या माणसासाठी. त्याचे बरेच कागद नंतर मठात जाळून टाकले गेले.

त्याच्या कथेतलं मला सगळ्यात टोचणारं हेच आहे. नापास झालेला माणूस शेवटी टाळ्या घेतो, अशा रील्स आपण रोज बघतो. मेंडेलला टाळ्या मिळाल्याच नाहीत. पास झाल्याचा कागदही कधी मिळाला नाही. राहिलं ते फक्त छापलेलं काम, आकड्यांसकट.

३४ वर्षांनी

१९०० मध्ये ह्युगो द व्ह्रीस, कार्ल कॉरेन्स आणि एरिक फॉन चेर्माक या तिघांनी वेगवेगळ्या ठिकाणी तशाच प्रयोगांतून तेच नियम गाठले. जुने संदर्भ चाळताना तिघांनाही दिसलं की हे कुणीतरी आधीच करून ठेवलंय. योगायोग बघा, कॉरेन्स हे नेगेलींचेच विद्यार्थी. मेंडेलच्या घटकांना १९०९ मध्ये जीन हे नाव मिळालं. आपण त्याला जनुक म्हणतो.

पुढे त्याच्यावर शंकाही घेतली गेली. १९३६ मध्ये रोनाल्ड फिशर या संख्याशास्त्रज्ञाने हिशेब मांडून दाखवलं की मेंडेलचे काही आकडे अपेक्षित गुणोत्तराच्या जरा जास्तच जवळ आहेत. त्यावर वाद पुष्कळ झाले. पण नियम जगभर पुन्हा पुन्हा तपासले गेले आणि टिकले.

हे घटक असतात कशाचे? मेंडेलचा निबंध छापून आल्यावर तीनच वर्षांनी, १८६९ मध्ये, फ्रीड्रिख मीशर या तरुण डॉक्टरने दवाखान्यातल्या वापरलेल्या पट्ट्यांवरच्या पुवातून एक नवा पदार्थ वेगळा केला. तोच डीएनए. दोघांनाही एकमेकांच्या कामाचा संबंध ठाऊक नव्हता. तो संबंध पक्का व्हायला विसावं शतक अर्धं सरलं आणि १९५३ मध्ये डीएनएची दुहेरी पिळाची रचना समोर आली. ए, टी, जी आणि सी ही चार अक्षरं, त्यांची लांबच लांब साखळी. जनुक म्हणजे त्या साखळीतला एक मजकूर, ज्यावरून पेशी बहुतेक वेळा एखादं प्रथिन बनवते. आणि मजकुरात झालेला बदल म्हणजे म्युटेशन, उत्परिवर्तन.

मेंडेलचा सुरकुतलेला दाणा म्हणजे म्युटेशनच होतं, हे १९९० मध्ये कळलं. गोल दाण्यात स्टार्च नीट तयार करायला मदत करणारं एक प्रथिन असतं. सुरकुतलेल्या दाण्यात त्याच्या जनुकात सुमारे ८०० अक्षरांचा एक आगंतुक तुकडा घुसलेला आहे. मजकूर बिघडला, प्रथिन बनेना, स्टार्च कमी आणि साखर जास्त झाली. साखरेमुळे दाणा पाणी जास्त ओढतो आणि वाळताना चुरगळतो. मग एकच बिघडलेली प्रत असेल तर? दुसरी चांगली प्रत पुरेसं प्रथिन बनवते आणि दाणा गोल राहतो. प्रभावी-अप्रभावी ही पाठ केलेली जोडी शेवटी एवढीच आहे. ठेंगण्या रोपाच्या जनुकात तर फक्त एका अक्षराचा फरक निघाला.

आपल्या जिल्ह्यातला ३:१

एका अक्षराने काय होतं, हे गडचिरोली, नंदुरबार किंवा विदर्भातल्या अनेक गावांत विचारा. हिमोग्लोबिनच्या जनुकात एका जागी ए ऐवजी टी आला की लाल पेशी विळ्यासारख्या वाकू शकतात. हाच सिकलसेल. बदललेली एकच प्रत असेल तर माणूस वाहक असतो आणि सहसा ठणठणीत दिसतो, मेंडेलच्या त्या ३७२ रोपांसारखा. पण दोन वाहकांचं लग्न झालं, तर प्रत्येक मुलाच्या वेळी आजाराची शक्यता चारात एक. प्रत्येक वेळी, नव्याने. पहिलं मूल आजारी निघालं म्हणून पुढची तीन सुटली, असा त्याचा अर्थ नाही. थॅलेसेमियाचा हिशेबही असाच.

आणि मूल आजारी झालं की बोट सुनेकडेच दाखवायची आपल्याकडची सवय? मेंडेलने आई आणि वडील उलटसुलट करून पाहिले होते, आठवतंय ना. अशा आजारात एक प्रत आईची आणि एक वडिलांची. दोघांनी लग्नाआधी रक्ताची एक तपासणी केली तर वाहक आहोत की नाही हे कळतं. वाहक असणं म्हणजे आजारी असणं नव्हे आणि त्यात लपवण्यासारखंही काही नाही. पत्रिकेच्या ३६ गुणांआधी हा एक गुण बघायला हरकत नाही.

२०२२ मध्ये मेंडेलच्या जन्माला २०० वर्षं झाली. त्यानिमित्ताने मठाच्या संमतीने ब्रनोच्या स्मशानातली त्याची कबर उघडली गेली, अस्थींमधून डीएनए काढला गेला आणि त्याच्या वापरातल्या वस्तूंवरच्या डीएनएशी जुळवून खात्री केली गेली. डीएनए हा शब्द ज्याने कधी ऐकला नाही, त्याचाच मजकूर अक्षर-अक्षर वाचला गेला.

आता आमच्या घरी मटार सोलायचं काम आलं, की मी एखादा दाणा हातात धरून जरा बघत बसते. आई म्हणते, सोल पटपट. तिला काय सांगू, एका माणसाने हे आठ वर्षं केलं आणि एकही दाणा न मोजता सोडला नाही.